लर्निंग स्टाइल्सना मराठीत काय म्हणावं?

पानोपानी
अडले आहे, मदत करा. मुंबईतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी एका संस्थेची प्रशिक्षण पुस्तिका मराठीत आणतेय. मूळ वाक्याचा आशय असा, की मुलांच्या लर्निंग स्टाइल्स, म्हणजे शिकण्याच्या पद्धती, वेगवेगळ्या असतात, त्या सगळ्या ध्यानात घेऊन लेसन प्लॅन करा. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या विविध अध्ययनशैलींचे समायोजन करणारे पाठनियोजन करावे.' कुर्ल्याला शिकवणाऱ्या मावसबहिणीला वाचून दाखवलं, तर ती दचकलीच. "समायोजन? आता कुणाला हलवतायत?" अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवतात त्याला समायोजन म्हणतात आणि तो शब्द कानावर पडला की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मग 'अध्ययनशैली'वर बोट ठेवून म्हणाली, "ही माझी की पोरांची?" अध्ययन आणि अध्यापन घाईत वाचताना सारखेच दिसतात. 'पाठनियोजन' कळलं तिला, पण "आम्ही टाचणच म्हणतो" म्हणाली. म्हणजे एका वाक्यातले तिन्ही मोठे शब्द गेले. काय करू?

खडूफळा
ताई, तुमच्या बहिणीशी मी शंभर टक्के सहमत. टाचणच लिहा. मी महापालिकेच्या शाळेत बावीस वर्षं आहे. 'टाचण काढलं का?', 'टाचणवही आणा', याशिवाय दुसरा शब्द शिक्षकखोलीत ऐकलेला नाही. पाठनियोजन फक्त परिपत्रकात भेटतं.

आणि तुमचा प्रश्न खरं तर टाचणवहीच्या एका रकान्यात बसलेला आहे. आमच्या वहीत 'शिक्षककृती' आणि 'विद्यार्थिकृती' हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. डावीकडे आम्ही भरभरून लिहितो. उजवीकडे काय? 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' 'विद्यार्थी उत्तरे देतात.' वर्गातल्या पन्नास मुलांसाठी एक ओळ, तीही दरवर्षी तीच. मुलं वेगवेगळ्या प्रकारे शिकतात हे ज्याला पटलं, त्याचा उजवा रकाना बदलतो. कोण मोजतंय, कोण चित्र काढतंय, कोण शेजारच्याला समजावून सांगतंय, ते तिथे यायला हवं. पुस्तिकेत असा एक भरलेला रकाना छापा, मग शब्द कुठलाही असला तरी शिक्षकाला कळेल.

यथार्थ
रकाना छापावाच, पण शब्द कुठलाही चालेल हे मान्य नाही. अध्ययनशैली हा शब्द चोख आहे. शैली हा शील या शब्दापासून आला. ज्याचं जे शील, त्याची ती शैली. इंग्रजी स्टाइल लॅटिनमधल्या लेखणीवाचक शब्दातून आला, म्हणजे दोघांचा उच्चार जवळचा वाटला तरी कुळं निराळी. आपला शब्द इथे जास्त खोल जातो.

सवय नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा असेल, तर 'महापौर' कधीच रुजला नसता. सावरकरांनी तो दिला तेव्हा लोकांना तो जडच वाटला असणार. आज आझाद मैदानासमोरच्या इमारतीत महापौरच बसतात आणि कुणाची जीभ अडत नाही. प्रशिक्षण पुस्तिकेतसुद्धा प्रमाण संज्ञा वापरायची नाही, तर मग कुठे?

खडूफळा
सर, महापौर एकच असतो आणि त्याला शिकवायचं नसतं. 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्दही असाच वरून आला. प्रशिक्षणात आम्ही तो शंभरदा लिहितो, आणि चहाच्या सुट्टीत एकमेकांना विचारतो, "मुलाला शेवटी काय यायला पाहिजे?" तोच त्याचा अर्थ आहे, आणि तो बोलीत आधीपासून होता.

चाळकरी
मी शिक्षक नाही, गिरणीतून निवृत्त झालो. पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या लालबागच्या चाळीत दिवेलागणीला परवचा असायची. पाढे, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव ते दीडचे पाढे. सगळी पोरं मांडी घालून ओळीत. माझा धाकटा भाऊ बसला की बधिर. साताचा पाढा बेचाळीसवर यायचा आणि तिथंच मरायचा. रट्टे खाल्ले, अंगठे धरून उभा राहिला, काही उपयोग नाही. एकदा आई स्वयंपाकात असताना तो गॅलरीत फेऱ्या मारत होता. कठड्याचे लाकडी गज होते, त्यांवरून हात फिरवत चालला होता आणि दर सातव्या गजावर थाप मारून आकडा म्हणत होता. सात, चौदा, एकवीस. आमच्या खोलीपासून संडासाच्या कोपऱ्यापर्यंत सत्तरच्या वर गज. जाऊन येईपर्यंत पाढा तोंडपाठ. आईनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणाली, "ह्याची तऱ्हा निराळी आहे, ह्याला चालू दे."

आमच्या घरात त्याला तेव्हापासून तऱ्हाच म्हणतात. 'शिकण्याची तऱ्हा' लिहा. मुंबईतल्या कुठल्याही बाईला विचारा, लगेच कळेल.

यथार्थ
काका, प्रसंग फार सुंदर. आईंना नमस्कार. पण तऱ्हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, आणि त्याच्या मागोमाग 'तऱ्हेवाईक' येतो. वेगळ्या प्रकारे शिकणारं मूल तऱ्हेवाईक, असा डाग नको.

चाळकरी
हजेरी, शाई, कागद हेही तिकडूनच आले. ते काढून टाकले तर शाळा कशी भरेल? आणि इयत्ता हा शब्द मी इतकी वर्षं उर्दू समजत होतो. परवा नातवानं सांगितलं की तो संस्कृत आहे.

यथार्थ
बरोबर आहे. इयत् म्हणजे 'एवढं', इयत्ता म्हणजे 'एवढेपणा', मर्यादा. चौथी इयत्ता म्हणजे चौथीचं एवढं.

दर्याकिनारी
आमच्या कोळीवाड्यातलं सांगते. मी तिसरीला मराठी माध्यमावर शिकवते. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, पण माझ्या एका वर्गातच घरच्या भाषा पाच-सहा आहेत. भागाकार शिकवत होते. चोवीस भागिले सहा. एक मुलगी, आई बाजारात मासळी विकते, वहीकडे बघून गप्प. भागाकाराचं चिन्ह बघितलं की खाली मान. मी तिला बाटल्यांची चोवीस बुचं दिली आणि म्हटलं, "हे बोंबील समज. सहा वाटे लाव." तिनं बुचं मोजलीसुद्धा नाहीत. दोन्ही हातांनी सहा ढीग घातले, एकातला उचलून दुसऱ्यात टाकला, सारखे केले आणि म्हणाली, "चाराचा वाटा." मग विचारलं, "एक वर उरला तर?" "तो गिऱ्हाइकाला वर घालायचा." बाकी म्हणजे काय हे मला तिला वेगळं शिकवावं लागलं नाही.

म्हणून मला 'वाट' शब्द आवडतो. एका धड्याला तीन वाटा. वाट आणि वाटा एकच ना? सगळ्यांना आपापला वाटा मिळाला पाहिजे.

यथार्थ
ताई, अर्थ जुळतो पण व्युत्पत्ती नाही. वाट 'वर्त्मन्'पासून, म्हणजे रस्ता. वाटा, वाटणे हे 'वण्ट्' धातूपासून, म्हणजे विभागणे. उच्चार एकत्र आले इतकंच.

दर्याकिनारी
एकत्र आले तर राहू द्या एकत्र. आमच्याकडे दोन्ही लागतात.

खडूफळा
'वाट'ला माझं मत, आणि त्याचं कारण व्युत्पत्तीपलीकडचं आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि हातांनी करून शिकणं असे चार प्रकार मांडले. तेव्हापासून प्रशिक्षणात मुलांच्या याद्या करायला लावतात. हा दृक्, ती श्राव्य, तो कृतिशील. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्ता, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते ही कल्पना, मांडली. लोक तिलाही शैली म्हणतात, आणि ते स्वतः म्हणतात की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

म्हणून 'शैली'ला माझा विरोध आहे. 'ह्याची शैली श्राव्य' म्हटलं की मुलाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटली, आणि उद्या कुणी म्हणेल, ह्याला वही कशाला? यथार्थ सर म्हणाले शैली शीलातून आली. नेमकं तेच नको आहे मला. वाट मुलाची नसते, धड्याची असते. ती बांधायचं काम माझं. काकांच्या भावाला गजांनी पाढा आला, पण पुढे त्यानं वाचलंही असेल, लिहिलंही असेल.

चाळकरी
हो तर. पोस्टात लागला होता. हिशेबाला पक्का.

पानोपानी
खडूफळा ताई, हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मूळ पुस्तिकेत तर शैलीच लिहिलंय. मी अनुवादात 'वाट' केलं तर ते लेखकाचं मत बदलल्यासारखं नाही का होणार?

यथार्थ
होणार. अनुवादकानं मूळ लेखकाशी भांडायचं ते प्रस्तावनेत. म्हणूनच मी संज्ञेवर ठाम आहे. मुलांना सोपं जावं म्हणून शब्द मोडायला लागलो की काय होतं ते 2019 मध्ये पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बासष्टचं 'साठ दोन' आणि सत्तावीसचं 'वीस सात' झालं. आपल्या भाषेचे आकडेच तोडले.

दर्याकिनारी
तोडले नाहीत सर! बासष्ट होताच, शेजारी साठ दोनची मुभा दिली होती. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा तेच समजावलं होतं. बासष्ट ऐकून पोर आधी दोन लिहितं, मग डावीकडे सहा लिहायला जागा शोधतं. मी वर्षानुवर्षं बघते. तेलुगू घरातलं पोर तर छप्पन्न आणि पासष्ट यांत हमखास अडकतं. ही तर टाचणाच्या उजव्या रकान्यातली सर्वात खरी गोष्ट आहे.

यथार्थ
मुभा हळूहळू नियम होते. त्र्याण्णव म्हणायला जमलं की जीभ तयार होते.

चाळकरी
जीभ पावकी-दिडकीनं तयार व्हायची. औटकीपण होती. साडेतीनचा पाढा.

पानोपानी
समायोजनाचं काय करू ते कुणीच सांगितलं नाही. सोमवारी मजकूर द्यायचा आहे.

खडूफळा
'सर्वांना जमेल असं टाचण काढा.' समायोजन पूर्ण काढून टाका. टाचण का म्हणतात ते मात्र मला अजून कळलेलं नाही. पानं टाचणीनं टाचायचे म्हणून?

दर्याकिनारी
माझी आजी गोधडीला आधी लांब लांब टाके घालायची, त्याला टाचणं म्हणायची. नंतर पक्की शिवण. मला वाटतं धड्याचंही तसंच, आधी कच्चं टाचून घ्यायचं.

यथार्थ
हे मला सुचलं नव्हतं. पण मालमत्तेवर 'टाच' येते ती कुठली, तेही पाहिलं पाहिजे. काका, औटकी शिकलेले आता फार कमी राहिले. औट हा 'अर्धचतुर्थ'वरून आला, चौथा अर्धा म्हणजे साडेतीन. अडीचही तसाच, 'अर्धतृतीय'. तुम्हाला येते अजून?

चाळकरी
दहापर्यंत येते. भावाला फोन लावतो, त्याला पुढची येत असेल.