मदत हवी आहे: जैवअर्थव्यवस्थेबद्दल लोकांना बोलतं कसं करायचं?
प्रबंधासाठी शेतकरी, कारखानदार, पर्यावरणवाले अशांच्या मुलाखती घेतेय. गोची अशी की 'जैवअर्थव्यवस्था' (ढोबळमानानं, पिकं, पेंढा, जीवाणू अशा जैविक गोष्टींवर चालणारं अर्थकारण) हा शब्द एक, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं चित्र वेगळं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २००९च्या अहवालात सगळा भर जैवतंत्रज्ञानावर, तर युरोपीय आयोगाच्या २०१२च्या धोरणात जैविक कच्च्या मालावर. पर्यावरणवाल्यांना आधी माती दिसते. साधा पेंढा घ्या: कारखान्याला तो इथेनॉलचा कच्चा माल, शेतकऱ्याला गुरांचा चारा. मग 'टाकाऊ' म्हणायचं कुणी?

मी 'जैवअर्थव्यवस्था' हा शब्द उच्चारला रे उच्चारला की माणसं पुस्तकी बोलायला लागतात (निदान पहिल्या चार मुलाखतींत तरी तसंच झालं). तो न वापरता मतं कशी काढून घ्यावीत? क्यू-पद्धत (विधानांची कार्डं सहमतीच्या क्रमानं लावायला देऊन लोकांचे दृष्टिकोन शोधायची रीत) कुणी वापरलीय का? विधानांची किती कार्डं ठेवली होतीत? शेतकरी ती क्रमानं लावताना कंटाळत नाहीत ना?