जमीन झाकणाऱ्या झाडांची छाट कलमे मुळ्या फुटण्याआधीच कुजतात

प्रश्न

घराच्या मागे मोठ्या झाडाखाली सुमारे १० चौरस मीटर जागा उघडी पडली आहे. तेथे गवत धरत नाही आणि प्रत्येक पावसात माती वाहून जाते, म्हणून ती पसरणाऱ्या झाडांनी झाकावी असे ठरवले आहे. इतकी रोपे विकत घेण्याऐवजी ती घरीच तयार करावीत, या विचाराने जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया, चिनी गुलाब आणि आयव्ही या तिन्हींच्या प्रत्येकी २० छाटा लावल्या. बागेची माती आणि शेणखत निम्मे निम्मे घेतले, कुंड्या सावलीत ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातले. दोन आठवड्यांनी चिनी गुलाबाच्या सर्व छाटा बुडाशी काळ्या पडून कुजल्या, आयव्हीची बहुतेक पाने वाळली आणि ट्रॅडेस्कॅन्शियाच्या जेमतेम निम्म्या छाटा तगल्या. आयव्हीच्या एका छाटेला तर नवे पान आले होते, पण उपटून पाहिली तेव्हा तिला एकही मुळी नव्हती. एकाच पद्धतीने लावलेल्या छाटांपैकी काही कुजतात आणि काही वाळतात, याचे कारण जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

पहिले उत्तर

आपण दिलेला तपशील नेमका आहे, त्यामुळे कारण सांगणे सोपे जाते. छाटेला मुळ्या नसतात, पण तिच्या पानांतून पाणी उडतच असते. पानांतून जाणारे पाणी कमी करायचे आणि त्याच वेळी जमिनीखालच्या भागाला हवा मिळू द्यायची, अशी दुहेरी काळजी पहिले दोन-तीन आठवडे घ्यावी लागते. आपल्याकडे नेमके उलट झाले, कारण शेणखताच्या मातीत दोन वेळा घातलेले पाणी साचून राहिले आणि पानांभोवतीची हवा मात्र कोरडीच राहिली. चिनी गुलाबाचे खोड मुळातच पाणीदार असल्याने ते कुजले, आणि आयव्हीला मुळ्या फुटायला तीन-चार आठवडे लागत असल्याने तेवढ्या अवधीत तिची पाने वाळून गेली.

छाटेला खताची गरज नसते, कारण ते शोषून घेणारी मुळीच अजून तयार झालेली नसते. धुतलेली जाडसर वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. ८ ते १० सेंटीमीटर लांबीचा, फूल किंवा कळी नसलेला शेंडा घेऊन धारदार व स्वच्छ पात्याने पेराच्या किंचित खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि निदान एक पेर मिश्रणात जाईल अशा बेताने तो लावावा. पेरावर एवढा भर देण्याचे कारण असे की, पसरणाऱ्या बहुतेक झाडांच्या मुळ्या पेरापाशीच फुटतात. शिवाय शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संजीवक खाली उतरून कापाजवळ साचते आणि तेच मुळ्यांना चालना देते. ट्रॅडेस्कॅन्शियासारख्या मऊ खोडाच्या झाडांना मुळ्या फुटण्याची पावडर लावण्याची मुळीच आवश्यकता नाही.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि पारदर्शक पिशवीने कुंडी झाकून ती उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवावी. पिशवी रोज थोडा वेळ उघडावी. चिनी गुलाबाला मात्र ही पिशवी घालू नये. त्याच्या छाटा कापल्यानंतर एक-दोन दिवस सावलीत तशाच ठेवाव्यात, म्हणजे काप सुकून बंद होतो आणि मगच त्या लावाव्यात.

नव्या पानाने अनेकांची फसगत होते. खोडात साठलेल्या अन्नावर एखादे पान सहज फुटते, त्यामुळे ते मुळीचा पुरावा ठरत नाही. छाट हलकेच ओढून पाहावी. तिने जमीन धरून ठेवली तरच मुळ्या आल्या असे समजावे.

दुसरे उत्तर

वरील सर्व मुद्दे पटतात, पण चिनी गुलाबाची निवडच या जागेसाठी योग्य वाटत नाही, कारण त्याला दिवसभराचे ऊन लागते आणि सावलीत तो लांबट होऊन विरळ पडतो.

आयव्हीबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. तिच्या कोवळ्या अवस्थेतील, खाचा असलेल्या पानांच्या फांद्यांना मुळ्या लवकर फुटतात, तर फुले येऊ लागलेल्या, अखंड पानांच्या जुन्या फांद्यांना त्या मोठ्या कष्टाने फुटतात. आपल्याकडे आयव्हीचे जिवंत झाड असेल तर मी छाटेऐवजी दाब कलम सुचवेन. लांब वेल न कापता जमिनीवर वाकवून, पेरापाशी वाकवलेल्या तारेने दाबून त्यावर दोन बोटे माती टाकावी. मुळ्या फुटेपर्यंत पाणी मूळ झाडाकडून मिळत राहते, त्यामुळे वाळण्याचा प्रश्नच उरत नाही. मुळ्या धरल्यावर वेल मधून कापून रोप वेगळे करावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत: ट्रॅडेस्कॅन्शियाच्या छाटा पाण्याच्या बाटलीत ठेवल्या तर चालेल का, आणि इतक्या जागेला एकूण किती रोपे लागतील?

पहिल्या उत्तरकर्त्याचे उत्तर

पाण्यात तिला आठवड्याभरात मुळ्या दिसू लागतात. मात्र पाण्यात वाढलेल्या मुळ्या ठिसूळ असतात आणि फार लांब झाल्या की मातीत रुळायला वेळ घेतात, म्हणून त्या २ ते ३ सेंटीमीटरच्या झाल्या की लगेच मातीत लावाव्यात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि पाण्याखाली पान राहू देऊ नये.

२० सेंटीमीटर अंतराने लावल्यास एका चौरस मीटरला २५, म्हणजे एकूण २५० रोपे लागतील. ३० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास ११० रोपांत काम होईल, पण जमीन झाकायला अधिक काळ जाईल आणि तोवर तण काढत राहावे लागेल. ही सर्व रोपे एकदम करण्याची गरज नाही. पहिली ३०-४० रोपे रुजली की त्यांचे शेंडे खुडावेत. खुडलेले शेंडे पुढच्या छाटा म्हणून वापरता येतात आणि खालून फुटवे येऊन रोप दाट होते.

तिसरे उत्तर

लवकर पसरते म्हणून पिवळ्या फुलांचा वेडेलिया लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, म्हणून आधीच सावध करावेसे वाटते. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. त्याचे तुटलेले प्रत्येक पेर नवे झाड होऊ शकते. ट्रॅडेस्कॅन्शिया आणि आयव्हीसुद्धा काही प्रदेशांत अशाच हाताबाहेर गेल्या आहेत. त्यामुळे छाटणीचे तुकडे ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत टाकू नयेत. ते उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात घालावेत. ट्रॅडेस्कॅन्शियाच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, तेव्हा छाटा कापताना हातमोजे घालणे बरे, आणि घरात कुत्रा असेल तर त्याला त्या वाफ्यात लोळू देऊ नये.