ब्रशचे वर्तुळ नेमके काय दाखवते आणि त्याच्याशी जुळवून कसे घ्यावे?

प्रश्न

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचे स्कॅन स्वच्छ करणे, म्हणजे ओरखडे, बुरशीचे डाग आणि घड्यांच्या रेषा काढणे, हे माझे नेहमीचे काम आहे. इतकी वर्षे मी ज्या प्रोग्रॅमवर काम करत होतो त्यात ब्रशला एकात एक अशी दोन वर्तुळे असत आणि रंग कुठपर्यंत पूर्ण लागेल व कुठे विरत जाईल हे त्यांवरून समजत असे. आता कामाच्या गरजेमुळे दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळलो आहे. तिथे बारीक रेषेचे एकच वर्तुळ दिसते आणि मऊ काठाचा ब्रश घेतला की परिणाम त्या वर्तुळाच्या बराच बाहेरपर्यंत पोहोचतो. झूम वाढवले की वर्तुळही मोठे होते, पूर्वी ते तसे होत नसे. शिवाय चेहऱ्याच्या किंवा कपड्यांच्या मध्यम करड्या भागावर कर्सर नेला की ते वर्तुळ जवळजवळ दिसेनासे होते. हे सारे सेटिंग बदलून सुधारणारे आहे, की हाताला नवी सवय लावणे हाच उपाय आहे? एखाद्या नाकाच्या कडेवर किंवा डोळ्याजवळ काम करताना ब्रश कुठे संपतो हे खात्रीने कळले नाही तर मूळ छायाचित्रातला तपशील पुसला जातो, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद १

तुम्ही प्रोग्रॅमचे नाव दिलेले नाही, परंतु वर्णन लाइटरूमकडून फोटोशॉपकडे वळणाऱ्या माणसाच्या अनुभवाशी जुळते, म्हणून त्या दोहोंच्या आधारे लिहितो. सेटिंगला हात लावण्यापूर्वी वर्तुळाची रेषा कशाची खूण आहे हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण दोन्हीकडे तिचा अर्थ वेगळा आहे.

लाइटरूममध्ये आतले वर्तुळ पूर्ण परिणामाची हद्द दाखवते आणि बाहेरचे वर्तुळ फेदर, म्हणजे हळूहळू विरत जाणारा काठ, जिथे संपतो ती हद्द दाखवते. फोटोशॉपमध्ये मात्र प्रेफरन्सेसमधील कर्सर्स या विभागात ‘नॉर्मल ब्रश टिप’ आणि ‘फुल साइझ ब्रश टिप’ असे दोन पर्याय आहेत. पहिला निवडलेला असताना रेषा ब्रशचा परिणाम साधारण ५० टक्क्यांवर येतो तिथून जाते, म्हणजे ठळकपणे बदलणारा भागच तिच्या आत असतो आणि उरलेला विरळ भाग बाहेर राहतो. दुसरा पर्याय घेतला तर परिणाम होणारा जवळजवळ सर्व भाग वर्तुळाच्या आत येतो. तुम्हाला ‘वर्तुळाबाहेर’ दिसणारा परिणाम हा बिघाड नसून पहिल्या पर्यायाचा स्वभाव आहे.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावे असे मी आग्रहाने सुचवेन. पांढऱ्या रंगाचा १००० × १००० पिक्सेलचा कोरा दस्तऐवज उघडा, २०० पिक्सेलचा आणि शून्य टक्के हार्डनेसचा (म्हणजे सर्वांत मऊ काठाचा) काळा ब्रश घ्या, मध्यभागी एकदाच क्लिक करा आणि कर्सर न हलवता वर्तुळ कुठे आहे ते नीट पाहून ठेवा. मग वर थ्रेशोल्ड हा ॲडजस्टमेंट लेयर ठेवा. ठरवलेल्या पातळीपेक्षा गडद पिक्सेल तो काळे आणि बाकीचे पांढरे दाखवतो. पातळी १२८ असताना उरणारी काळी तबकडी नॉर्मल ब्रश टिपच्या वर्तुळाशी जवळपास जुळेल. पातळी २५५ पर्यंत नेली की पूर्ण पांढरा नसलेला प्रत्येक पिक्सेल काळा होतो आणि मऊ ब्रशची खरी व्याप्ती समोर येते. या दोन तबकड्यांमधला फरक एकदा पाहिला की पुढे वर्तुळाकडे पाहताना मनात आपोआप दुसरे, बाहेरचे वर्तुळ उमटू लागते. तुम्हाला हवी असलेली सवय ती हीच.

झूमबद्दल थोडक्यात: फोटोशॉपमध्ये ब्रशचा आकार छायाचित्राच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो, त्यामुळे झूम वाढवल्यावर वर्तुळही पडद्यावर मोठे दिसते आणि ब्रश झाकत असलेला चित्राचा भाग तेवढाच राहतो. लाइटरूममध्ये वर्तुळ पडद्यावर तेवढेच राहते, म्हणून झूम केल्यावर ब्रश चित्राच्या मानाने लहान होतो. तिथे झूम हेच आकार बदलण्याचे साधन बनते, इथे मात्र आकार हाताने बदलावा लागतो. चौकोनी कंसांच्या कळांनी आकार आणि शिफ्टसह त्याच कळांनी हार्डनेस बदलतो. विंडोजवर ऑल्ट दाबून उजव्या बटणाने आडवे ओढल्यास आकार बदलतो आणि उभे ओढल्यास हार्डनेस बदलतो. मॅकवर त्यासाठी कंट्रोल आणि ऑप्शन दाबून ओढावे. ही ओढण्याची पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण ओढत असताना ब्रशचा मऊ काठ रंगाने भरलेला दिसतो आणि दोन वर्तुळांतून मिळणारी माहिती तेवढ्यापुरती परत मिळते.

प्रतिसाद २

वरील उत्तर वर्तुळाच्या अर्थाबद्दल आहे. मी ते वर्तुळ करड्या भागावर का हरवते याबद्दल लिहितो, कारण कृष्णधवल छायाचित्रांवर काम करणाऱ्याला हीच अडचण अधिक त्रास देते.

कर्सरची रेषा कोणत्याही पार्श्वभूमीवर दिसावी म्हणून ती खालच्या पिक्सेलच्या उलट रंगात काढण्याची पद्धत फार जुनी आहे. काळ्यावर पांढरी आणि पांढऱ्यावर काळी रेषा उठून दिसते, परंतु ० ते २५५ या मोजपट्टीवर १२८ चा उलटा १२७ येतो, म्हणजे नेमक्या मधल्या करड्यावर रेषा आणि पार्श्वभूमी एकच होतात. रंगीत छायाचित्रात लाल, हिरवी आणि निळी या तिन्ही वाहिन्या एकाच वेळी मध्यावर असणे त्या मानाने कमी घडते. फिकट पडलेल्या कृष्णधवल छायाचित्रात मात्र बराचसा भाग त्याच पट्ट्यात असतो. काही प्रोग्रॅम म्हणूनच काळी आणि पांढरी अशी जोडरेषा काढतात.

दुसरे कारण पडद्याचे आहे. २४ इंची, १९२० × १०८० च्या पडद्यावर एका पिक्सेलची रेषा सुमारे ०.२८ मिलिमीटर जाड असते आणि २७ इंची, ३८४० × २१६० च्या पडद्यावर तीच सुमारे ०.१६ मिलिमीटर होते. प्रोग्रॅमने रेषा त्या प्रमाणात जाड केली नाही तर डोळ्यांना ती शोधावी लागते. विंडोजमध्ये माउस पॉइंटरचा आकार वाढवल्याने याला फरक पडत नाही, कारण तिथे बाण बदलतो, तर ब्रशचे वर्तुळ प्रोग्रॅम स्वतः काढतो.

यावर मी दोन गोष्टी सुचवेन. फोटोशॉपमध्ये ‘शो क्रॉसहेअर इन ब्रश टिप’ हा पर्याय सुरू करा. वर्तुळ फिकट झाले तरी मध्यबिंदूची फुली नजरेला धरून ठेवते आणि ओरखड्याच्या रेषेवरून ब्रश नेताना मध्य कुठे आहे हे कळणे काठापेक्षाही मोलाचे असते. आणि स्वच्छता सुरू करण्यापूर्वी सर्वांत वर कर्व्ह्जचा एक तात्पुरता लेयर ठेवून चित्र थोडे गडद किंवा उजळ करा. पार्श्वभूमी मध्यावरून सरकली की रेषा पुन्हा दिसते. शिवाय गडद केल्यावर फिकट भागांतले पुसट डागही वर येतात. फक्त नमुना घेणारी (म्हणजे चित्राचा एक भाग उचलून दुसरीकडे लावणारी) साधने वापरताना या लेयरचा परिणाम त्यांच्या नमुन्यात मिसळू देऊ नका. त्यासाठी नमुना ‘करंट अँड बिलो’ यावर ठेवावा. काम संपल्यावर तो लेयर काढून टाकावा.

कॅप्स लॉक चुकून दाबले गेले की फोटोशॉपमध्ये वर्तुळाच्या जागी नुसती फुली येते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. थ्रेशोल्डचा प्रयोग करून पाहिला आणि वर्तुळाबाहेर परिणाम किती पसरतो ते स्पष्ट दिसले. एक उपप्रश्न आहे. माउसऐवजी पेन टॅबलेट वापरल्यावर फटकारा वर्तुळापेक्षा बारीक उमटतो आणि वर्तुळ पेनच्या किंचित मागे राहते. याचा मेळ कसा घालावा?

प्रतिसाद ३

पेनच्या दाबाला ब्रशचा आकार जोडलेला असेल तर प्रत्यक्ष फटकारा दाबानुसार बारीक किंवा रुंद होतो आणि वर्तुळ मात्र सामान्यतः कमाल आकार सांगत राहते. क्रिटा या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये तर ‘यूझ इफेक्टिव्ह आउटलाइन साइझ’ असा स्वतंत्र पर्यायच आहे. तो सुरू असताना बाह्यरेषा दाबासोबत आकुंचन न पावता ब्रशच्या कमाल व्यासाएवढी स्थिर राहते. चित्र काढणाऱ्याला आकाराचा दाबाशी संबंध हवाच असतो. डाग काढणाऱ्याला त्याची गरज बहुधा नसते, असे माझे मत आहे. आकारावरचे दाबाचे नियंत्रण बंद करा आणि दाब ओपॅसिटीला (परिणामाच्या गडदपणाला) किंवा फ्लोला (परिणाम साचण्याच्या वेगाला) जोडा, म्हणजे वर्तुळ जेवढे दिसते तेवढ्याच रुंदीत काम होईल आणि हाताचा हलकेपणाही उपयोगी पडेल.

मागे राहण्याबद्दल: साधा बाण बहुधा ग्राफिक्स कार्ड चित्रापासून वेगळा हाताळते, म्हणून तो चपळ असतो. ब्रशचे मोठे वर्तुळ अनेकदा कॅनव्हाससोबत प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने काढले जाते. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि अशा एक-दोन फ्रेम गेल्या तरी वेगाने हलणाऱ्या पेनमागे वर्तुळ रेंगाळलेले दिसते. फोटोशॉपच्या साध्या ब्रशवर स्मूदिंगचे (हाताची थरथर सपाट करणाऱ्या सेटिंगचे) प्रमाण जास्त असेल तर रेषा मुद्दामच मागे राहते, ते कमी करून पाहा. स्वच्छतेच्या कामात लांब फटकाऱ्यांपेक्षा छोटे ठिपके देणे केव्हाही सुरक्षित असते, आणि ठिपका देताना पेन क्षणभर थांबलेले असल्यामुळे हा उशीर उरत नाही.

गिम्प हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की प्राधान्यक्रमात ब्रशची बाह्यरेषा आणि रंगसाधनांचा पॉइंटर हे दोन्ही स्वतंत्रपणे दाखवता किंवा लपवता येतात. पॉइंटर म्हणून साधनाचे चिन्ह, चिन्हासह फुली किंवा नुसती फुली निवडता येते. चिन्ह काढून टाकल्यास ब्रशखालचा भाग मोकळा दिसतो.

प्रतिसाद ४

वरच्या चर्चेत फुल साइझ ब्रश टिप नेहमी चांगला असे कुणी म्हटलेले नाही, तरी वाचणाऱ्याचा तसा समज होऊ शकतो, म्हणून माझा अनुभव मांडतो. हार्डनेस १०० टक्के असेल तर दोन्ही पर्यायांची वर्तुळे जवळपास एकच असतात. निवडीचा प्रश्न केवळ मऊ ब्रशपुरता आहे. गाल उजळणे, कोपरे गडद करणे अशा डॉज आणि बर्नच्या कामात मी नॉर्मल ब्रश टिप ठेवतो, कारण तिथे परिणाम कुठे जाणवेल हे हवे असते आणि फुल साइझचे वर्तुळ प्रत्यक्ष जाणवणाऱ्या भागापेक्षा इतके मोठे असते की हात नकळत ब्रश लहान करू लागतो. डोळ्याच्या किंवा नाकाच्या कडेला, जिथे एकही पिक्सेल पलीकडे जायला नको, तिथे फुल साइझ निवडतो आणि हार्डनेसही ५० टक्क्यांच्या वर नेतो.

तुमच्या डागांसाठी स्पॉट हीलिंग ब्रश (डाग आजूबाजूच्या पोताने आपोआप भरणारे साधन) वापरत असाल तर वर्तुळ डागापेक्षा किंचितच मोठे ठेवा. ते फार मोठे झाले तर शेजारचा निर्दोष पोतही बदलला जातो, आणि डागाएवढेच किंवा लहान ठेवले तर डागाची कडा बाहेर राहून ती भरावात ओढली जाते. घडीची लांब रेष असेल तर क्लोन स्टॅम्प (एका जागेचा भाग दुसरीकडे उमटवणारे साधन) घ्या आणि क्लोन सोर्स पॅनेलमध्ये ‘शो ओव्हरले’ व ‘क्लिप्ड’ हे दोन्ही सुरू ठेवा. वर्तुळाच्या आतच उचललेल्या भागाचे पूर्वदृश्य दिसते, त्यामुळे घडीच्या दोन्ही बाजूंच्या कपड्याची वीण किंवा केसांची दिशा फटकारा देण्यापूर्वीच जुळवता येते.