नावाजलेल्या दिग्दर्शकांची धार बोथट का होते?

प्रश्न: १९७२ ते १९७९ या काळात ‘द गॉडफादर’पासून ‘अपोकॅलिप्स नाऊ’पर्यंत एकाहून एक सरस चित्रपट देणाऱ्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलांना पुढे ती उंची क्वचितच गाठता आली. हा केवळ वयाचा परिणाम मानावा का?

प्रतिसाद १: वयाचे कारण पटत नाही, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा गाजलेला ‘रान’ १९८५ साली आला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. कोपोलांनी १९८२च्या ‘वन फ्रॉम द हार्ट’मध्ये स्वतःचा पैसा ओतला, तो बुडाला आणि पुढे कर्ज फेडण्यासाठी त्यांना इतरांनी देऊ केलेली कामे स्वीकारावी लागली.

प्रतिसाद २: पैशाइतकेच महत्त्व मी संकलनाच्या टेबलाला देईन. नवख्या दिग्दर्शकाला लाडके दृश्य कापायला लावणारा निर्माता भेटतो, पटकथेवर हुज्जत घालणारा लेखक भेटतो. नाव झाले की हीच माणसे गप्प बसू लागतात आणि चित्रपटाची लांबी वाढत जाते. मार्टिन स्कॉर्सेसी १९८०च्या ‘रेजिंग बुल’पासून थेल्मा स्कूनमेकर यांच्याकडेच संकलन सोपवत आले आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. (अर्थात त्यांचेही अलीकडचे चित्रपट लांबलेच आहेत!)

प्रतिसाद ३: प्रेक्षकांचाही दोष आहेच. दिग्दर्शकाने जुनेच गिरवले तर आपण त्याला संपला म्हणतो आणि वाट बदलली तर भरकटला म्हणतो.