आडोशाला जाऊनही मरतोय, लॅग की चीट? मदत हवी आहे

मंडळी, इंदूरच्या रामबागेतून विचारतोय. पाच-पाच जणांचा ऑनलाइन शूटर गेम खेळतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण 45 मिलिसेकंद. कोपरा धरून बसलेला असतो, समोरचा झपकन बाहेर येतो आणि मला तो दिसेपर्यंत मी मेलेलो! कधी तर भिंतीमागे परतल्यावर गोळी लागते. पीकर्स ॲडव्हान्टेज (बाहेर येणाऱ्याला आपण आधी दिसतो, आपल्याला तो उशिरा) ठाऊक आहे. सर्व्हर 64 टिकचा, म्हणजे दर 15.6 मिलिसेकंदांनी अपडेट, वर लॅग कॉम्पेन्सेशन (मारणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या क्षणी जे दिसलं ते सर्व्हर धरतो), तेव्हा थोडा फरक पडणारच. पण काल एकच गडी दर राउंडला, धुरातूनसुद्धा, थेट डोक्यावर नेम धरून येत होता. दादा म्हणतो, "तुझाच हात कच्चा." (असेलही.) रीप्लेमध्ये वॉलहॅक (भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारा चीट) नेमका कशावरून ओळखता? रिपोर्ट करण्याआधी खात्री हवी, उगाच कुणावर आळ नको.