ढोल्या गणपती शाबूत आहे, पण वाई?

कृष्णाकाठचा: पर्यटक ढोल्या गणपती बघतो, मेणवलीच्या घाटावर फोटो काढतो आणि पसरणी घाट चढून पाचगणी गाठतो. त्याच्या लेखी वाई आहे तशीच आहे. पण गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही इथून एकदा पायी जा. एकेक वाडा जातोय, त्या जागी खाली पार्किंग आणि वर मजले. सरदार रास्त्यांनी १७६२ साली गणपतीचं देऊळ बांधलं तेव्हा मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली, पुराचं पाणी फाकून जावं म्हणून. नदी ओळखून बांधायचे लोक. आपण आता घाटाकडे संडासाच्या खिडक्या काढतो. घाटालगतच्या आळ्यांत उंचीवर आणि दर्शनी भागावर बंधन हवंच.

वाड्याचा वारस: प्रॉपर्टी कार्डावर किती नावं असतात, माहितीये? चुलते पुण्यात, आत्या बडोद्याला, एक भाऊ अमेरिकेत. पावसाळ्याआधी कौलं चाळायची तर मी एकटा. विकायचा विषय निघाला की सगळे हजर. खालच्या खोल्यांत जुने भाडेकरू, त्यांचं भाडं माझ्या वीजबिलाइतकंही नाही. तुळयांना वाळवी लागलीय. बंधन तुम्ही घालाल हो, पैसे कोण घालणार?

रविवार पेठ: शूटिंगला द्या की! पडद्यावर आपली वाई कायम उत्तरेतलं कुठलंतरी गाव असते, पण रोख पैसे मिळतात.

वाड्याचा वारस: त्यांना घाट हवा असतो आणि मेणवलीचा वाडा. माझी गळकी माडी कोण घेतंय?

पाठशाळेजवळचा: मला हा वाड्यांचा उमाळाच पटत नाही. रास्ते काय, मेणवलीचे नाना फडणीस काय, ते सरदार-कारभाऱ्यांचं वैभव. वाईचं खरं वेगळेपण प्राज्ञपाठशाळेत, इथल्या संस्कृत विद्येच्या संस्थेत आहे. केवलानंद सरस्वतींनी ‘धर्मकोशा’चं काम इथे उभं केलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच शिकले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. एवढा प्रकल्प तालुक्याच्या गावात बसून चालवला, ही मिरवायची गोष्ट. शाळकरी पोरांना विचारा, मेणवलीची पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली, हे पाठ असतं. विश्वकोश कुठे तयार झाला ते विचारलं की गप्प.

कृष्णाकाठचा: मान्य, पण ती माणसं हवेत राहत होती का? याच आळ्यांत राहिली. कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो तो आळ्या आहेत म्हणून.

पाठशाळेजवळचा: उत्सवाला वर्गणी फ्लॅटवालेही देतात, आणि पंगतीला वाढायलाही तेच असतात. माझ्या बघण्यातले तरी.

सोनगीरवाडीकर: गंमत अशी की बंधन मागणारे बहुतेक जण नव्या वसाहतीत, लिफ्टच्या इमारतीत राहतात. (मीही.) वाड्याबाहेर शौचालय, जिन्याला दोर, हे आजीला विचारा.

कृष्णाकाठचा: म्हणून वाडा जसाच्या तसा ठेवा असं म्हणतच नाहीये मी. आत काय हवं ते करा. दर्शनी भाग आणि उंची तेवढी राखा, बदल्यात न वापरलेलं चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा उरलेला हक्क, दुसरीकडे विकायची मुभा घ्या. मोठ्या शहरांत हाच हक्क टीडीआर म्हणून चालतो.

वाड्याचा वारस: शहरात चालतो कारण तिथे जागेला भाव आणि गिऱ्हाईक दोन्ही आहे. वाईत माझा टीडीआर विकत घेणारा एक बिल्डर आणा, उद्या सगळ्या भावंडांच्या सह्या घेऊन येतो. अमेरिकेतल्याची सुद्धा.