मदत हवी आहे : ग्रेव्हीवालं उघडं सँडविच, ब्रेडचा लगदा होतोय

मंडळी जरा सांगा की. अमेरिकेत ते गरम उघडं सँडविच असतंय बघा, ब्रेडवर भाजलेल्या बीफच्या नाहीतर टर्कीच्या चकत्या, सोबत कुस्करलेला बटाटा आणि सगळ्यावर गरम ब्राऊन ग्रेव्ही, वर दुसरी स्लाईस नाहीच, काट्या-सुरीनं खायचं. बेळगावात टर्की कुठनं आणू, म्हणून चिकनवर केलं. २ चमचे बटरमध्ये २ चमचे मैदा परतला आणि १ कप उकळती अळणी (चिकन शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी) एकदम ओतली, झाल्या गुठळ्या! गाळली तर रंग पांढरट, सासूबाई डोकावून म्हणाल्या, पांढरा रस्सा बिघडला काय गं 😅

तर मैदा अगदी बदामी होईपर्यंत परतायचा काय? पण जास्त भाजला की ग्रेव्ही दाट होत नाही म्हणतात, मग मैदा वाढवू? अळणी गार करून थोडी थोडी घालू काय?

आणि मेन म्हणजे ब्रेड. बेकरीचा साधा ब्रेड तव्यावर भाजला तरी दोन मिनिटांत लगदा. शिळा जाड कापून घेऊ, की पावच बरा? मटणावर कुणी केलंय काय? कांदा-खोबऱ्याचं वाटण सांगू नका प्लीज, ते रोजचंच आहे. रविवारी निपाणीचे पाहुणे येणारेत, त्याआधी सांगा.